भिंतीला न लागणारा कुंचला

अजिंठ्याच्या चित्रांचं नुकसान ओलाव्याने, कीटकांनी आणि वटवाघळांनी केलं, तसंच ती जपायला आलेल्या माणसांनीही केलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांसह इथे नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून तेव्हा चित्रांवर व्हार्निश चढलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅक वापरलं. हे लेप पिवळे पडले आणि मूळ रंगच झाकोळले.

म्हणूनच नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. चित्रं कॅमेऱ्यात टिपायची आणि तडे, डाग, उडालेला रंग संगणकावर भरून काढायचा. भिंतीला बोटही लागत नाही.

पडद्यावरच्या ब्रशला केस नसतात. तो असतो एक छोटा ठसा, बहुधा गोल, कडेला विरत गेलेला. हात फिरेल तसा संगणक तोच ठसा पुन्हा पुन्हा उमटवतो. ठसे दाट पडले की सलग रेघ दिसते, विरळ पडले की मण्यांची माळ. रंग मिसळतो तो निव्वळ आकडेमोडीने. समजा, पिक्सेलची उजळता २०० आहे, ब्रशची १०० आणि ऑपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, २५ टक्के. तीन भाग जुना, एक भाग नवा, म्हणजे १७५. ब्रश उचलून पुन्हा फिरवला की १५६, मग १४२. दरवेळी उडी लहान होत जाते, म्हणून छटा हळुवार उतरते.

फोटोशॉपमध्ये २००२ साली आलेला हीलिंग ब्रश याच्या पुढे जातो. पोत तो तुम्ही दाखवलेल्या जागेवरून उचलतो, पण रंग आणि उजेड तड्याच्या आजूबाजूशी जुळवून घेतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गालासारख्या मऊ छटेवर साधी नक्कल डकवली तर ठिगळ लगेच दिसतं. हीलिंग ब्रशने ते दिसत नाही.

धोकाही नेमका इथेच आहे. आख्खा डोळाच पोपडा होऊन गळला असेल, तर शेजारच्या पिक्सेलांना तो ठाऊक नसतो. तिथे त्याच लेण्यातले दुसरे चेहरे पाहावे लागतात, ग्रिफिथ्सचे १८९६-९७ चे ग्रंथ उघडावे लागतात, आणि तरीही उरतो तो अंदाजच. असा प्रत्येक अंदाज वेगळ्या लेअरवर ठेवावा, आणि प्रदर्शनात तो लेअर झाकून मूळ भिंत पाहायची सोय प्रेक्षकालाही असावी.