बर्फ ढकलणारा ट्रक आणि क्लचमधली उष्णता

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी वसलेले असून, हिवाळ्याच्या सुरुवातीला नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येणारे थंड वारे या अद्याप न गोठलेल्या सरोवरावरून वाहतात तेव्हा ते तुलनेने उबदार पाण्यातून ऊब आणि बाष्प उचलतात व किनारा ओलांडताच अरुंद पट्ट्यात विलक्षण प्रमाणात बर्फ टाकतात. नोव्हेंबर 2022 मध्ये शहराच्या दक्षिणेस असलेल्या ऑर्चर्ड पार्क येथे अशाच एका वादळात सुमारे 2 मीटर बर्फ साचला. सार्वजनिक रस्ते मोकळे करण्याचे काम स्थानिक प्रशासनाची अवजड वाहने करतात. परंतु घरापासून रस्त्यापर्यंतची वाट किंवा दुकानापुढील वाहनतळ साफ करण्याचे काम बहुतांशी पिकअप ट्रकच्या पुढच्या बाजूला पोलादी पाते बसवून फिरणारे खासगी चालक करतात. क्लच आणि हाताने बदलायचे गिअर असलेला ट्रक या कामाला योग्य आहे का, हा त्यांच्यातला जुना वाद आहे. ‘बर्फाच्या भाराने क्लच जळतो’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर असले, तरी भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही.

भार मोठा असतो यात शंका नाही. पात्याची रुंदी 2.4 मीटर, बर्फाची जाडी 20 सेंटिमीटर आणि वाटेची लांबी 30 मीटर धरली, तर एका फेरीत 14 घनमीटरहून अधिक बर्फ हलवावा लागतो. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला 100 किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे या फेरीचा बोजा दीड टनाच्या आतच राहतो. मात्र ओला किंवा वाऱ्याने दाबला गेलेला बर्फ घनमीटरला 300 किलोग्रॅमपर्यंत सहज जातो आणि तोच बोजा चार टनांवर पोहोचतो. त्यातच पात्याने उलथलेल्या बर्फाचे स्फटिक मोडून बारीक कण होतात, ते एकमेकांना टेकले की त्यांच्या संपर्कबिंदूंवर बर्फाचे सांधे तयार होतात, आणि गोठणबिंदूच्या खाली न वितळताही हे सांधे काही तासांत जाड होत जाऊन ढीग कठीण बनतो. कणांच्या अशा न वितळता जुळण्याला सिंटरिंग म्हणतात. हंगामाच्या पहिल्या वादळातच बर्फ शक्य तितका दूर सारून ठेवण्याची अनुभवी चालकांची सवय याच गुणधर्मावर आधारलेली आहे, कारण जानेवारीत तो ढीग मागे सरकत नाही.

तरीही हा बोजा थेट क्लचवर येत नाही. क्लचच्या चकत्या पूर्णपणे आवळलेल्या असताना त्यांच्यात घसरण नसते, आणि जिथे घसरण नाही तिथे घर्षणाची उष्णताही नाही. शिवाय ट्रक किती जोराने ढकलू शकेल याची मर्यादा बहुधा टायर ठरवतात, इंजिन नव्हे. दाबलेल्या बर्फावर टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे वजनाशी असलेले गुणोत्तर, 0.2 ते 0.3 एवढाच असतो. म्हणजे पात्यासह 3 टन वजनाच्या आणि चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रकला साधारण साडेसात हजार न्यूटनच्या आसपास जोर लावता येतो. 400 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देणारे इंजिन पहिल्या गिअरमध्ये चाकांपाशी याच्या दुपटीहून अधिक जोर पोहोचवू शकते. त्यामुळे ढीग फार जड झाला तर चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि तेच एका अर्थी क्लचचे संरक्षण ठरते.

मग क्लच जळतो तो कुठे? तो जळतो दिशा बदलताना. बर्फ ढकलणे म्हणजे लांबचा प्रवास नव्हे. पुढे जाणे, ढीग लावणे, मागे येणे, पुन्हा पुढे जाणे, असा तो तासन्‌तास चालणारा येरझाऱ्यांचा व्यवहार आहे, आणि प्रत्येक येरझारीत क्लच दोनदा सोडावा लागतो. क्लच आवळला जात असताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचे गणित अतिशय देखणे आहे. इंजिनाचा वेग स्थिर धरला आणि इतर विरोध बाजूला ठेवला, तर ही उष्णता ट्रकच्या वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले वेगातील फरकाचा वर्ग इतकी भरते. येथे फरक म्हणजे इंजिन ज्या वेगाने ट्रकला नेऊ पाहते तो वेग आणि ट्रकचा त्या क्षणीचा वेग यांमधील अंतर. उभा असलेला 3 टनांचा ट्रक सेकंदाला 2 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 7 किलोमीटर, या वेगाला आणायचा असेल तर क्लचमध्ये 6 हजार जूल उष्णता निर्माण होते, आणि चालकाने कितीही नजाकतीने पेडल सोडले तरी हा आकडा कमी होत नाही, फक्त ती उष्णता अधिक वेळात विभागली जाते.

खरी मेख ‘वर्ग’ या शब्दात आहे. घाईत असलेला चालक ट्रक पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, तो सेकंदाला 2 मीटरने मागे येत असतानाच पुढचा गिअर टाकून क्लच सोडतो तेव्हा वेगातील फरक दुप्पट, म्हणजे 4 मीटर होतो, आणि उष्णता चौपट, म्हणजे 24 हजार जूल होते. दर 20 सेकंदांना असे एकदा घडत राहिले, तर क्लचच्या बंद कवचात सरासरी 1200 वॅट, म्हणजे घरातील एका इस्त्रीइतकी शक्ती, सतत उष्णतेच्या रूपाने साचत राहते. ही उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट या लोखंडी भागांत मुरते आणि तेथून ती बाहेर काढण्याची कोणतीही खास व्यवस्था नसल्यामुळे चकतीवरील घर्षणद्रव्यातील रेझिन अखेर विघटित होऊ लागते. चालकाला येणारा जळका वास याचाच असतो.

या वर्गाच्या नियमातच सुटकेची वाटही आहे. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकमध्ये गिअरपेटीनंतर आणखी एक पेटी असते आणि तिच्यातील ‘लो रेंज’ निवडली की इंजिनाच्या त्याच वेगाला चाके सुमारे 2.7 पट हळू फिरतात. हे गुणोत्तर ट्रकनुसार बदलते, पण अनेक अमेरिकन पिकअपमध्ये ते याच्या आसपास आहे. वेगातील फरक 2.7 पट कमी झाला की उष्णता 7 पटींहून अधिक कमी होते, आणि ट्रक आधी पूर्ण थांबवण्याची शिस्त पाळली तर घाईतल्या 24 हजार जूलच्या जागी जेमतेम 800 जूल उरतात. चकत्या आवळल्या गेल्यानंतर चालकाने इंजिनाचा वेग वाढवला तरी क्लचला त्याची झळ लागत नाही. क्लच जळाला म्हणून ट्रकला दोष देणारे अनेकजण मुळात लो रेंज वापरतच नसावेत, असे हे आकडे पाहता वाटते.

क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे द्रवामार्फत शक्ती पोहोचवणारे साधन, असलेला ऑटोमॅटिक ट्रक या कामात सरस ठरतो याचे कारणही उष्णतेच्या याच हिशेबात सापडते. ते कारण पुढे येईलच, पण ज्या माणसामुळे हे साधन अस्तित्वात आले त्या हेर्मान फोटिंगर यांचे नाव मोटारींच्या लोकप्रिय इतिहासात क्वचितच घेतले जाते, आणि ही उपेक्षा खटकणारी आहे. 1877 मध्ये न्यूरेम्बर्ग येथे जन्मलेले फोटिंगर शिक्षणाने विद्युत अभियंते होते आणि बाल्टिक समुद्राजवळील श्टेटीन, आजच्या पोलंडमधील श्चेचिन, येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करीत होते. त्यांच्यापुढील प्रश्न मोटारीचा नव्हता. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरले तरच कार्यक्षम असते, जहाजाचा प्रोपेलर मात्र संथ फिरला तरच पाणी नीट रेटतो, आणि टर्बाइनला उलटे फिरवता येत नसल्याने जहाज मागे घेणेही अवघड होते. मधे जनित्र व विजेची मोटर घालण्याचा विचार करता करता त्यांनी त्या जागी पाण्याचा पंप आणि पाण्याचे टर्बाइन कल्पिले, आणि मग या दोहोंना जोडणाऱ्या नळ्यांत ऊर्जा वाया जाते हे ओळखून त्यांनी नळ्याच काढून टाकल्या व दोन्ही चक्रे एकाच कवचात समोरासमोर बसवली. वगळण्यातून साधलेल्या शोधाचे याहून सुंदर उदाहरण अभियांत्रिकीत शोधावेच लागेल. पेटंटसाठीचा त्यांचा अर्ज 1905 चा आहे.

या दोन चक्रांच्या मधे तिसरे, स्थिर चक्र असते, ज्याला स्टेटर म्हणतात. ते परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवते आणि त्यामुळे बाहेर पडणारा टॉर्क आत येणाऱ्या टॉर्कपेक्षा मोठा होऊ शकतो. आजच्या वाहनांत, वाहन जागचे हलत असताना, ही वाढ साधारण दुप्पट असते. जहाजांवरील फोटिंगर यांच्या यंत्रणेत पुढे आणि मागे जाण्यासाठी स्वतंत्र चक्रे होती. परंतु दातेरी चक्रांचे गिअर लवकरच इतके सुधारले की जहाजांवर ही कल्पना मागे पडली आणि तिला रेल्वे इंजिने, बस व मोटारी यांत आश्रय घ्यावा लागला. जनरल मोटर्सने 1939 मध्ये बाजारात आणलेल्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरपेटीमध्ये टॉर्क न वाढवणारे, केवळ तो पोहोचवणारे द्रव-जोड होते, तर ब्युइकच्या 1948 मधील डायनाफ्लोमध्ये खरा टॉर्क कन्व्हर्टर आला.

टॉर्क कन्व्हर्टरमध्येही घसरण होते आणि घसरणीची उष्णताही निर्माण होते, किंबहुना ती चालू कामात क्लचपेक्षा अधिकच असते. फरक इतकाच की ती घासणाऱ्या पृष्ठभागावर न साचता तेलात जाते, आणि तेल पंपाने शीतकापर्यंत नेता येते. म्हणून ऑटोमॅटिक ट्रकच्या बाबतीत तेलाचे तापमान दाखवणारा काटा आणि शीतकाचा आकार यांना महत्त्व आहे. आणि ट्रक मागे सरकत असतानाच पुढचा गिअर टाकण्याची सवय येथेही घातक आहे, कारण ऑटोमॅटिक गिअरपेटीच्या पोटातही घर्षणावर चालणाऱ्या लहान चकत्या असतात आणि वर्गाचा नियम त्यांनाही लागू आहे.

हाताचाही एक प्रश्न उरतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताने बदलतो, आणि पाते उचलण्याची व तिरके करण्याची कळही बहुधा उजव्याच हाताशी असते, त्यामुळे ढिगापाशी पाते उचलणे आणि मागचा गिअर टाकणे या दोन गोष्टींसाठी एकच हात उपलब्ध असतो. काही चालक ही कळ डावीकडे, दरवाजाच्या बाजूला बसवून घेतात. मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये हाताच्या गिअरचा पर्याय रॅम कंपनीने सर्वांत शेवटपर्यंत ठेवला होता आणि 2018 च्या मॉडेलनंतर तोही बंद झाला, तेव्हा आज क्लचवर बर्फ ढकलणारा प्रत्येक मोठा पिकअप त्या वर्षाचा किंवा त्याआधीचा आहे, आणि त्याची क्लच प्लेट पुढचा हिवाळा पाहील की नाही हे बरेचसे लो रेंजच्या दांड्यावर अवलंबून आहे.