उद्योगामागचा समाज

कारखाना म्हटला की धुराडे, यंत्रे, कच्चा माल आणि पैसा एवढ्याच गोष्टी सामान्यतः नजरेपुढे येतात. अर्थशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तकेही जमीन, श्रम, भांडवल आणि संघटन ही उत्पादनाची चार साधने सांगून थांबत. परंतु तीच साधने हाताशी असता एका गावी उद्योग उभा राहतो आणि शेजारच्या गावी राहत नाही, याचा उलगडा एवढ्याने होत नाही. उद्योग करणारा मनुष्य कोणत्या तरी घरात, जातीत आणि गावात वाढलेला असतो. त्याच्या साहसाला भोवतालचे लोक मान देतात की हसतात, अडचणीत त्याला हात देतात की पाठ फिरवतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. उद्योजकतेची सामाजिक बाजू ती हीच.

या बाजूचा विचार विद्वानांनी निरनिराळ्या रीतीने केला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ साली प्रोटेस्टंट पंथाची शिकवण आणि भांडवलशाही वृत्ती यांचा संबंध जोडला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड याने १९६१ च्या आपल्या ग्रंथात कर्तृत्वाची आकांक्षा हे उद्योगशीलतेचे मूळ मानले आणि ती शिकवून वाढविता येते काय, हे पाहण्यासाठी पुढे आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला. एकाने धर्माकडे बोट दाखविले, दुसऱ्याने मनाकडे. बडोद्याचा इतिहास तिसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. ती गोष्ट म्हणजे संस्था.

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक असले, तरी जन्माने सुरतेच्या सुतार समाजातील होते. ज्याच्याजवळ विद्या होती त्याला हातात हत्यार धरण्याचा कमीपणा वाटे, आणि ज्याच्या हातात हत्यार होते त्याच्यापर्यंत विद्या पोहोचत नव्हती. समाजानेच उभी केलेली ही भिंत गज्जरांनी आपल्या घरातून पाहिली होती. म्हणून कलाभवनात रंगकाम, छपाई, सुतारकाम, यंत्रकाम यांसारख्या विषयांना शास्त्राची जोड देण्यात आली. शिक्षण देशी भाषांतून व्हावे असा गज्जरांचा आग्रह होता आणि त्यासाठी शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. १८९६ मध्ये त्यांनी कलाभवन सोडले. इतिहासाचे अभ्यासक प्रा. मकरंद मेहता यांनी नेमक्या याच सहा वर्षांवर १९९२ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी विज्ञान आणि तंत्रविद्या यांना एकमेकांसमोर उभे केले आहे. उद्योगाचा इतिहास केवळ हिशेबाच्या वह्यांत शोधून भागत नाही, शाळेच्या वर्गातही तो शोधावा लागतो, हे अशा संशोधनाने लक्षात येते.

कलाभवनाच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. छायाचित्रणाच्या धंद्यात त्यांना लोकभ्रमाशी झगडावे लागले. कॅमेऱ्यापुढे बसल्याने माणसाचे आयुष्य घटते अशी समजूत असल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे चित्रपट काढताना विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावे लागले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या राबल्या. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले. विद्या कलाभवनाने दिली, भांडवल घराने दिले आणि अडथळा समाजाने घातला, असे या एका उद्योगाचे सार सांगता येईल.

दुसरे उदाहरण अलेंबिकचे. १९०७ साली बडोद्यात निघालेल्या या रासायनिक कारखान्याच्या संस्थापकांत गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन ही तीन नावे येतात. सुतार, मराठी प्राध्यापक आणि पाटीदार अशा तीन समाजांतील माणसांना एकत्र आणणारा दुवा नात्याचा नव्हता, प्रयोगशाळेचा होता. आपल्याकडे व्यापारातील पत बहुधा जातीच्या व नात्याच्या वर्तुळात फिरत आली. ओळखीच्या माणसालाच कर्ज मिळे. ते वर्तुळ ओलांडावयाचे तर विश्वासाला दुसरा आधार हवा. समान विद्या हा एक आधार, आणि पेढी हा दुसरा. १९०८ च्या जुलैत बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली, ती हा दुसरा आधार देण्यासाठीच होय.

बडोद्यातील मराठी घराण्यांपुढे या इतिहासाने एक प्रश्न ठेवला आहे. गायकवाडांबरोबर आलेली अनेक कुटुंबे दरबारात, सैन्यात व कचेऱ्यांत स्थिरावली आणि पगाराची नोकरी हीच प्रतिष्ठेची खूण ठरली. ज्या घरी धंद्यात बुडालेला काका चेष्टेचा विषय होतो, त्या घरातला पुतण्या धंद्याच्या वाटेला जात नाही. उलट जेथे बुडालेल्याला पुन्हा उभे राहण्यासाठी भाऊबंद हात देतात, तेथे दुसरा प्रयत्न करण्याची हिंमत टिकते. हा फरक रक्ताचा नाही, रीतीचा आहे; म्हणून तो बदलता येतो.

कलाभवनाची परंपरा १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली गेली आणि तेथील तंत्रविद्या शाखेत ती चालू राहिली. यंत्रे परदेशातून आणता येतात, पैसा व्याजाने मिळतो. परंतु हाताच्या कामाचा आदर, परक्या जातीच्या माणसावरील विश्वास आणि अपयशाला क्षमा या तीन गोष्टी प्रत्येक समाजाला स्वतःच्या घरीच तयार कराव्या लागतात.