गादीवरून उठण्याचे बळ

सांताक्रूझ पूर्वेतील वाकोल्याच्या बाजारात दुकानाचे शटर सकाळी वर जाते ते रात्रीच खाली येते. मधल्या दहा-बारा तासांत व्यापाऱ्याच्या शरीराला काम असे फारसे उरत नाही. माल उतरवायला हमाल आणि घरी जायला लिफ्ट असते. पन्नाशीनंतर केव्हातरी कटासनावरून उठताना हात जमिनीला टेकू लागतो, मग उपाश्रयाच्या पायऱ्या जड होतात आणि ४८ मिनिटांचे सामायिक खुर्चीवर येते. ‘आता वय झाले’ असे म्हणून घरोघरी ते स्वीकारलेही जाते. यात वयाचा वाटा आहेच. परंतु न वापरलेल्या स्नायूंचा वाटाही लहान नाही.

तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. सकाळची फेरी हृदयास हितकर असली तरी ही तूट ती पुरती भरून काढत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबर किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम सांगितला.

वजन उचलणे हे पहिलवानांचे काम, दुकानदाराच्या घरचे नव्हे, हा समज सांगलीच्या एका कुटुंबाने खोटा ठरविला आहे. पानटपरी आणि चहा-नाश्त्याचा गाडा चालविणाऱ्या वडिलांचा मुलगा संकेत सरगर याने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण काजोल हिने हरियाणातील खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्णपदक पटकाविले. तेव्हा हा व्यायाम केवळ पुरुषांचा, हेही खरे नव्हे.

उशीर झाला असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त अशा दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्यांचे पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.

आरंभ भांडवलाशिवाय होऊ शकतो. खुर्चीवर बसून हातांच्या आधाराविना उठणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत पिशवी उचलणे, पुढे झुकून ती पिशवी पोटाकडे ओढणे आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन चालणे, हे पाच प्रकार पुरेसे आहेत. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हे माप घरातच असते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. प्रत्येक प्रकाराची आठ ते बारा आवर्तने, दोन वेळा. आणखी दोन आवर्तने सहज झाली असती, अशा ठिकाणी थांबावे. सलग दोन वेळा बारा आवर्तने नीट झाली की थोडेसेच वजन वाढवावे. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः मज्जासंस्था सरावल्याने येते; आरशात फरक दिसला नाही म्हणून खाते बंद करू नये.

वजन उचलताना श्वास सोडावा, तो कोंडून धरू नये. कोंडल्याने रक्तदाब चढतो. स्नायू एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे, मात्र सांध्यात तीव्र कळ आली तर तत्काळ थांबावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आहाराची अडचण समजतात तेवढी मोठी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत ती २२ ते २४ ग्रॅम असतात. शिवाय दूध, पनीर, शेंगदाणे आहेत. द्विदल टाळणाऱ्या घरी डाळ आणि दही वेगवेगळ्या जेवणांत घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी व्यायाम सकाळी करावा, म्हणजे दिवसभराचा आहार त्याच्या कामी येतो. बाजारातील कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, हे ध्यानात असावे. पर्युषणात, विशेषतः अठ्ठाईत, वजने बाजूला ठेवावीत आणि पारण्यानंतर कमी भाराने पुन्हा सुरुवात करावी. आठ-दहा दिवसांच्या खंडाने कमावलेले बळ जात नाही.

व्यापारी घराला दररोजच्या लहान जमेचे मोल सांगावे लागत नाही. तीच शिस्त गुडघ्यांना आणि कमरेला लावली, तर उतारवयातही जमिनीवर बसणे, उठणे आणि पायऱ्या चढून देरासरात जाणे स्वतःच्या बळावर साधेल. सून-मुलाच्या हाताची वाट पाहावी लागणार नाही.