वॉल्टर टल : मैदान आणि सनद

१९०९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी, यजमान ब्रिस्टल सिटी आणि लंडनचा टॉटनहॅम हॉटस्पर या दोन संघांत पहिल्या श्रेणीचा फुटबॉल सामना चालू असता, प्रेक्षकांतील एका टोळक्याने पाहुण्या संघाच्या आघाडीच्या फळीतील एका एकवीस वर्षांच्या खेळाडूस उद्देशून जी शिवीगाळ आरंभली, ती इतकी हीन होती की, सामन्याचा वृत्तान्त लिहिणाऱ्या ‘फुटबॉल स्टार’ पत्राच्या बातमीदाराला लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारातील कुप्रसिद्ध भाषासुद्धा तिच्यापुढे फिकी वाटली. त्याच बातमीदाराने आणखी एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे : हा तरुण चित्ताचा तोल क्षणभरही ढळू न देता अखेरपर्यंत खेळत राहिला, आणि त्या दिवशी मैदानावरील आघाडीच्या खेळाडूंत तोच सर्वश्रेष्ठ ठरला. त्या तरुणाचे नाव वॉल्टर टल. आणि त्याचा अपराध एवढाच की, त्याचा वर्ण काळा होता.

ब्रिटनच्या मैदानांवर कृष्णवर्णी खेळाडू त्यापूर्वी अवतरलेच नव्हते असे मात्र नाही. अँड्र्यू वॉटसन याने १८८१ मध्ये स्कॉटलंडचे कर्णधारपद भूषवून इंग्लंडचा ६–१ असा पराभव घडवून आणला होता. आणि अक्रा येथे जन्मलेला आर्थर व्हॉर्टन हा त्यानंतरच्या काळात धंदेवाईक गोलरक्षक म्हणून नावारूपाला येऊन शेवटी कोळशाच्या खाणीत राबला व १९३० मध्ये निनावी थडग्यात विसावला. टलचे चरित्र या दोघांहून निराळे आहे, कारण मनुष्याची वाट अडवणाऱ्या दोन प्रकारच्या भिंती, एक न लिहिलेली आणि एक लिहिलेली, या दोन्हींशी त्याला तीस वर्षांच्या आतच झुंजावे लागले.

२८ एप्रिल १८८८ रोजी केंट परगण्यातील फोकस्टन या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. वडील डॅनियल हे बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार, आणि डॅनियल यांचे वडील तर प्रत्यक्ष गुलामगिरीत जन्मलेले. आई ॲलिस पामर ही मात्र केंटचीच. १८९५ मध्ये आई वारली. वडिलांनी तिच्याच नात्यातील क्लारा हिच्याशी दुसरा विवाह केला. परंतु १८९७ च्या अखेरीस तेही निवर्तले. घरातल्या साऱ्या लेकरांचा भार एकट्या सावत्र आईला पेलवेना, म्हणून नऊ वर्षांचा वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनमध्ये बेथनल ग्रीन येथील मेथडिस्ट पंथाच्या अनाथालयात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने दत्तक घेतले व तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला, छापखान्यात उमेदवारी करू लागला, आणि अनाथालयाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला.

१९०८ मध्ये क्लॅप्टन या हौशी संघाने त्याला आपल्यात घेतले आणि त्याच हंगामात त्या संघाने हौशी खेळाडूंचा एफ.ए. करंडक पटकावला. टॉटनहॅमने त्याला लगोलग हेरले, १९०९ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना व उरुग्वेच्या दौऱ्यावर नेले आणि धंदेवाईक खेळाडू म्हणून दहा पौंड देऊन करारबद्ध केले. आठवड्याचे वेतन चार पौंड ठरले, आणि त्या काळी कोणत्याही खेळाडूला देता येणारी ती कमाल रक्कम होती. टलचा खेळ धसमुसळा नव्हता. चेंडू पायाशी खेळवीत, घाईला बळी न पडता, सोबत्याच्या पुढ्यात नेमका पास सरकवणे ही त्याची हातोटी होती.

ब्रिस्टलनंतर मात्र चित्र पालटले. पहिल्या संघातर्फे लीगचे जेमतेम दहा सामने आणि त्यांत दोन गोल एवढीच त्याची टॉटनहॅमच्या दप्तरी नोंद राहिली. पुढचा बहुतेक काळ राखीव संघात गेला. काळ्या माणसाने खेळू नये असा नियम फुटबॉलच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. भिंत लिहिलेली असेल तर तिच्यावर निदान अर्ज करता येतो, दाद मागता येते. न लिहिलेल्या भिंतीपुढे माणसाने कोणाच्या कचेरीत फिर्याद न्यावी?

१९११ च्या ऑक्टोबरमध्ये हर्बर्ट चॅपमन या जाणकार व्यवस्थापकाने, ज्याने पुढे आर्सेनलला वैभवाला नेले त्याने, टलला नॉर्थॅम्प्टन टाउन संघात आणले. त्याला पुढे मधल्या फळीत खेळवण्यात आले, आणि तेथे त्याच्या सावध बुद्धीला खरा वाव मिळाला. शंभराहून अधिक सामने तो त्या संघातर्फे खेळला आणि नॉर्थॅम्प्टनचा लाडका झाला.

इतक्यात महायुद्ध पेटले. तरुण खंदकांत मरत असता फुटबॉलपटूंनी चेंडू लाथाडीत राहावे काय, असा गिल्ला वर्तमानपत्रांतून उठला, आणि १९१४ च्या डिसेंबरात खास फुटबॉलपटूंची म्हणून मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी पलटण उभी राहिली. नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंपैकी प्रथम नाव नोंदवणारा टलच होता. फ्रान्सच्या आघाडीवर तो सार्जंटच्या हुद्द्याला चढला. तोफांच्या अखंड भडिमाराने मन विदीर्ण होऊन १९१६ च्या मे महिन्यात मायदेशी परतला, आणि बरा होताच सॉमच्या रणधुमाळीत पुन्हा रुजू झाला.

आता दुसरी भिंत आली, आणि ही छापील होती. तत्कालीन लष्करी नियमांबरहुकूम अधिकारपदाची सनद मिळण्यास उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असणे आवश्यक होते. या अटीचे चटके आपल्याकडच्या पलटणींनाही चांगले ठाऊक होते. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या हिंदी शिपायाची मजल सुभेदार-मेजरपर्यंतच जाई, आणि राजाच्या सनदेचे दार नऊ हिंदी अधिकाऱ्यांपुरते का होईना उघडले ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये. परंतु सॉमवर अधिकाऱ्यांची इतकी हानी झाली होती, आणि टलची योग्यता वरिष्ठांनी चिखलात, गोळीबारात इतक्या जवळून पारखली होती, की त्यांनी त्याची शिफारस केली. स्कॉटलंडमधील गेल्स येथे प्रशिक्षण घेऊन ३० मे १९१७ रोजी वॉल्टर टल सेकंड लेफ्टनंट झाला. गोऱ्या शिपायांवर हुकमत चालवणाऱ्या ब्रिटिश पायदळाच्या पहिल्या काही कृष्णवर्णी अधिकाऱ्यांत त्याची गणना होते. जेथे मनाईचे एक अक्षरही नव्हते तेथे त्याला मागे सारण्यात आले, आणि जेथे मनाई छापून ठेवलेली होती तेथे त्याच्यासाठी ती बाजूला सारण्यात आली; यावरून असे वाटते की, माणसाचे काम ज्यांनी खांद्याला खांदा लावून पाहिले असते त्यांच्या हातूनच अशा भिंती ढासळतात.

तेविसाव्या पलटणीबरोबर तो इटलीच्या आघाडीवर गेला. १९१८ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, पिआवे नदीच्या थंडगार, वेगवान प्रवाहातून रात्री सव्वीस शिपायांची तुकडी शत्रूच्या काठावर नेऊन, एकही माणूस न गमावता परत आणण्याची कामगिरी त्याने पार पाडली. मेजर-जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याचा आणि शांत चित्ताचा लेखी गौरव केला. शिव्यांच्या वर्षावात पायातला चेंडू न सोडणाऱ्या त्या ब्रिस्टलच्या तरुणाचेच हे चित्त होते, असे मला मनापासून वाटते.

मार्च महिन्यात पलटण फ्रान्समध्ये परतली आणि जर्मनांच्या प्रचंड वसंत-चढाईच्या तोंडी सापडली. २५ मार्च १९१८ रोजी, फाव्रय या गावाजवळ माघार चालू असता, टलला गोळी लागली. वय अवघे एकोणतीस. एकेकाळी लेस्टर फॉस संघाचा गोलरक्षक असलेला टॉम बिलिंगहॅम हा साधा शिपाई मशीनगनच्या माऱ्यात त्याचा देह ओढून आणू पाहत होता. शत्रू अगदी अंगावर आला तेव्हाच त्याने तो प्रयत्न सोडला. एका सहकारी अधिकाऱ्याने एडवर्डला पाठवलेल्या पत्रात, पलटणीने एक निष्ठावान अधिकारी आणि आपण स्वतः एक मित्र गमावला असे कळवले, आणि मिलिटरी क्रॉस पदकासाठी टलची शिफारस झाली होती हेही लिहिले. ते पदक कधीच मिळाले नाही.

पुढे अनेक दशके हे नाव विस्मृतीत पडून होते. फिल व्हॅसिली या संशोधकाने जुने दाखले धुंडाळून ते उजेडात आणले. १९९९ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मैदानालगत त्याचे स्मारक उभे राहिले, आणि टलच्या मृत्यूच्या शताब्दीच्या सुमारास त्याच शहरात पुतळाही झाला.

पण त्याचा देह मात्र सापडला नाही. ज्यांना कबर लाभली नाही अशा सुमारे ३५,००० सैनिकांची नावे फ्रान्समधील आरास येथील स्मारकाच्या भिंतींवर पलटणवार आणि हुद्देवार कोरली आहेत. तेथे मिडलसेक्स रेजिमेंटच्या नावांत, अधिकाऱ्यांच्या ओळीत, टलचे नाव आहे. आणि ज्या हुद्द्याची त्याला छापील मनाई होती, तो हुद्दा तेथे पाषाणात कोरलेला आहे.