गोळीचं खरं नाव वाचा!

बालमित्रांनो, हळद काढायचे, शिजवायचे दिवस आले की आपल्या वसमत-कळमनुरीकडं घरोघर कंबरदुखी! आजोबा सकाळी क्रोसिन घेतात. थोड्या वेळानं कुणी कॉम्बिफ्लाम आणून देतं. नावं दोन, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दोन्हींत पॅरासिटामॉल! सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही तेच. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, नाहीतर यकृताला धोका.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनही असतं. ते आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं डायक्लोफिनॅक एकाच जातीचं. दोन्ही मिळून आराम दुप्पट होत नाही. पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती मात्र वाढते. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर जास्तच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची एक गोळीही होती.

आजी-आजोबांना ही अक्षरं दिसत नाहीत. तुम्हाला दिसतात ना? मग वाचून दाखवा. एकच नाव दोनदा आलं, की दुसरी गोळी थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. अन् हो, तुम्ही स्वतः मनानं एकही गोळी घ्यायची नाही!