विष्णुपुरीच्या थांब्यावरचं शूटिंग

नांदेडहून लातूर रस्त्यानं निघालं की शहर संपतासंपता विष्णुपुरी येतं. गोदावरी अडवून केलेला शंकरसागर जलाशय, काठावरचं काळेश्वराचं मंदिर, १९८१ पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं याच परिसरात. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत इथं लोहा, कंधार, मुखेडकडचे बाप लेकरांना सोडायला येतात. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. सोडून परत निघताना त्यांना काय बोलावं ते सुचत नाही.

विद्यापीठात शिकणाऱ्या चौघांनी याच परतीच्या क्षणावर एक लघुपट करायला घेतला. मुखेडकडचा बाप लेकीला वसतिगृहात सोडतो, रस्त्यावर येतो, पैसे देतो, जातो. एवढीच गोष्ट. हाताशी होता एक मध्यम किमतीचा मोबाईल आणि आवाजासाठी दुसरा, काच तडकलेला. मी पहाटेपासून त्यांच्यासोबत होतो.

सुरुवातीला त्यांच्या कागदावर पहिलाच शॉट ड्रोनचा होता. वरून जलाशय, धरणाचे दरवाजे, मग खाली रस्ता. ड्रोन भाड्यानं आणायची बोलणीही झाली होती. दिग्दर्शन करणाऱ्या मुलीनं तो शॉट स्वतःच खोडला. म्हणाली, ‘बाप धरण बघायलाच नाही. तो पोरीच्या पेटीकडं बघायलाय.’ या एका वाक्यानं अर्धं काम झालं. कॅमेरा कुठं ठेवायचा, किती उंचीवर, किती जवळ, हे सगळं त्यातून आपोआप ठरत गेलं. पैसे वाचले म्हणून मला तो निर्णय आवडला असं नाही. ड्रोन फुकट मिळाला असता तरी तो शॉट या गोष्टीत परकाच राहिला असता.

बापाच्या भूमिकेत होते त्यांच्यातल्याच एकाचे चुलते. अंगात बंडी, खांद्यावर गमजा, आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही. मोबाईल समोर आला की त्यांची मान ताठ व्हायची, हात मांडीला चिकटायचे. मुलीनं त्यांना अभिनयाबद्दल एक शब्द सांगितला नाही. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा मिसळून हातात दिल्या. ‘काका, हे किती हायत ते मोजा. तिकिटापुरते काढून ठेवा, बाकीचे हिला द्या.’ काकांनी अंगठा जिभेला लावला आणि खरोखरच मोजायला लागले. मध्ये ट्रक गेला, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. समोरचा मोबाईल ते विसरून गेले होते. लेक झालेली मुलगी वाट बघत उभी. मोजून झाल्यावर एक पन्नासची नोट बंडीच्या खिशात गेली, बाकीच्या तिच्या मुठीत, आणि कागदावर नसलेलं वाक्य आलं: ‘जेवत जाय माय येळेवर.’

तो शॉट घेताना मोबाईल दोघांपासून हातभर अंतरावर होता. झूम करायचं नाही, पायानं जवळ जायचं, हा त्यांचा नियम. मोबाईलमध्ये झूम बोटानं वाढवला की बहुतेक वेळा चित्र नुसतं कापून मोठं होतं आणि फुटतं. भिंग आधी सुती रुमालानं पुसलेलं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन वेळी मामाचा कॉल येतो. पडद्यावर बोट दाबून ठेवून उजेड आणि फोकस बांधून टाकलेला. तसं केलं नाही तर पांढरे कपडे घातलेला कुणी मागून गेला की चित्र आपोआप काळवंडतं, तो गेला की उजळतं. चहाच्या हॉटेलातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकायला लागले, तेव्हा एकानं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर तिच्याशी जुळलं की पट्टे जातात. दहा वाजल्यानंतर मात्र उन्हापुढं कुणाचं काही चाललं नाही. फोन तापला, पडदा अंधुक झाला, सावलीत ओल्या फडक्याशेजारी ठेवावा लागला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आवाजानं. दुसरा फोन काकांच्या बंडीच्या खिशात ठेवला तर कापडाची घसघस यायची. शेवटी तो गमजाच्या घडीत बसवला, माइकचं भोक उघडं ठेवून. प्रत्येक शॉटआधी एक टाळी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. नोटा मोजण्याची सळसळ मात्र संध्याकाळी बंद खोलीत वेगळी घेतली. जाणकार प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतो, पण बापाचं वाक्य ऐकू आलं नाही तर तो उठून जातो, हे माझं ठाम मत आहे.

साध्या साधनांच्या या वाटेनं आधी गेलेले पुष्कळ आहेत. शॉन बेकरनं ‘टँजरिन’ हा २०१५ चा चित्रपट आयफोन ५एसवर केला. पुढं २०२४ मध्ये कानला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला त्याचा ‘अनोरा’ मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर आहे. माणूस तोच, गोष्टीनुसार साधन बदललं. आपल्याकडं नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. तिथं सायकल ट्रॉली झाली, बैलगाडी क्रेन झाली. त्याहून मागं, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. एक दाणा, एक रोप, पण बघणाऱ्याला पुढं काय होतं ते पाहायचं होतं.

रात्री हे चौघं संकलनाला मोबाईलवरच बसले आणि भांडण लागलं. पन्नासची नोट खिशात जाते ती जवळून दाखवायची का? एक जण म्हणे, त्याशिवाय कळणार नाही. दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणे, कळू दे उशिरा, लेकीला तरी कुठं लगेच कळलं. वसतिगृहातल्या मैत्रिणींना बोलावून दोन्ही जोडण्या दाखवल्या. जवळचा शॉट नसलेली जोडणी संपल्यावर एकीनं विचारलं, ‘पण पन्नासात मुखेड येतंय का?’ कुणीच उत्तर दिलं नाही. तिकिटाचा दर कळल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरलं, आणि काकांना सकाळी परत बोलवायला एक जण फोन घेऊन बाहेर गेला.