ओलसर जागेंतील ब्राह्मी

विहिरीजवळ, पंपाच्या हौदाखालीं अथवा पाटाच्या कडेस बारमाही ओल राहणारा जमिनीचा एखादा तुकडा बहुतेक बागाइतदारांकडे असतो. दप्तरांत त्याची गणना पोटखराब्यांत होवो वा न होवो, व्यवहारांत तो पडीकच राहतो व लव्हाळ्याचें माहेर होतो. अशा जागीं ब्राह्मी लावावी, अशी आमची वाचक बंधूंस सूचना आहे.

परंतु लागवडीपूर्वीं रोप नीट ओळखून घ्यावें. महाराष्ट्रांत ब्राह्मी या एकाच नांवाखालीं दोन वनस्पति चालतात. एकीचें पान वाटोळें, बुडाशीं खांच असलेलें, कडेस दांतेरी व लांब देंठाचें असतें. ही मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. दुसरीचीं पानें लहान, जाड, बिनदेंठाचीं व समोरासमोर असून फूल पांढुरकें अथवा फिकट जांभळें येतें, ही जलब्राह्मी. दोन्ही औषधी आहेत, तथापि शास्त्रांत त्यांची नोंद निरनिराळी आहे. सातबाऱ्यावर एका गटाचें पीक दुसऱ्या गटांत दाखविल्यास जो घोटाळा होतो, तोच येथें होतो. व्यापाऱ्यानें एक मागितली व आपण दुसरी नेली, तर माल परत येतो आणि मजुरी अंगावर पडते.

पुढील रीत जलब्राह्मीची समजावी. लव्हाळा व हरळी प्रथम मुळासकट काढावी. जून-जुलैंत ५ ते १० सेंटिमीटर लांबीचे, पेरीं असलेले तुकडे ओल्या मातींत १० सेंटिमीटर अंतरानें लावावे. बी पेरण्याची गरज नाहीं. वेल जमिनीवर सरपटतो व पेऱ्यापेऱ्यास मुळ्या फुटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बुडाशीं ४-५ सेंटिमीटर भाग राखून कापणी केल्यास पुन्हां फुटवा येतो. माल सावलींत वाळवावा. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें ‘प्रज्ञाशक्ति’ व ‘सुबोधक’ हे वाण काढले आहेत.

आतां मुख्य गोष्ट. पाण्यांतील व मातींतील शिसें, कॅडमियम आदि जड धातु ही वनस्पति आपल्या अंगांत शोषून घेते. सबब गटाराचें वा कारखान्याचें सांडपाणी जेथें मुरतें, तेथील ब्राह्मी कितीही हिरवीगार दिसली तरी औषधास घेऊं नये. ती केवळ जमीन झांकण्यापुरती ठेवावी. ज्या पाण्याचा घोट आपण निःशंकपणें घेऊं, त्याच पाण्यावर वाढलेला पाला मुलांच्या पोटांत जावा.

क्षेत्र वाढविण्यापूर्वीं खरेदीदाराकडून वनस्पतीचें नांव व भाव कागदावर लिहून घ्यावा. तोंपर्यंत घरच्या गरजेपुरते एक-दोन वाफे पुरेत.